चांदा शहर आणि त्याच्या नद्या

(भूगोल व इतिहास यांचा एक पाठ)

बाभुळगांव तालुक्यांतून बेंबळा नदी वाहते, ही गोष्ट तेथील लहान मुलांसहि ठाऊक आहे. खडक सावंग्याजवळ धरण बांधून तिचें पाणी अडविलें आहे, हेंहि सर्वांस माहीत आहे. परंतु धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे तें पाणी पुढें कोठें जातें, आणि शेवटीं कोणाच्या उंबऱ्याशीं जाऊन उभें राहतें, असें कोणी विचारिलें तर आपल्यापैकीं पुष्कळ जण गप्प बसतील. ह्या पाठांत आपण त्या पाण्याच्या मागोमाग चालत जाऊन एक जुनें शहर पाहणार आहों. त्या शहराचें नांव चांदा. सन १९६४ च्या सुमारास त्यास चंद्रपूर हें नांव मिळालें; तथापि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं अजून चांदा हाच शब्द आहे, म्हणून आम्हीहि दोन्ही नांवें योजिलीं आहेत.

वाचकांपैकीं जे बंधु शाळा किंवा सायंकाळचा वर्ग चालवितात, त्यांनीं हा पाठ शिकवितांना जमिनीवर खडूनें किंवा राखेनें नद्यांची आकृति काढावी. नदी डोळ्यांस दिसली म्हणजे इतिहास आपोआप समजतो.

१. पाण्याची वाट

बेंबळा ही वर्धा नदीची उपनदी आहे. वर्धा नदी मध्यप्रदेशांत, बैतूल जिल्ह्यांतील मुलताईकडच्या डोंगराळ मुलखांत उगम पावते. तेथून ती दक्षिणेकडे उतरते, आणि तिच्या एका कांठीं अमरावती व यवतमाळ आणि दुसऱ्या कांठीं वर्धा असे जिल्हे राहतात. जुन्या काळीं वऱ्हाड आणि नागपूरकरांचा मुलूख यांच्यामधील सीमा म्हणून हिचेंच नांव घेत असत. मोर्शीजवळ सिंभोरा येथें तिजवर ऊर्ध्व वर्धा नांवाचें मोठें धरण आहे.

आतां यवतमाळ जिल्ह्याकडे पाहा. ह्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील व पूर्वेकडील पाणी बेंबळेसारख्या नद्यांनीं वर्धेस जाऊन मिळतें. दक्षिणेकडील पाणी पूस, अरुणावती, अडाण ह्या नद्यांनीं पैनगंगेस मिळतें. कारण जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. म्हणजे आपला जिल्हा घराच्या पाख्याप्रमाणें आहे; एका बाजूचें पाणी एका पन्हळींत आणि दुसऱ्या बाजूचें दुसऱ्या पन्हळींत उतरतें. परंतु ह्या दोन पन्हळी अखेर एकाच ठिकाणीं रित्या होतात. चंद्रपूर तालुक्यांत वढा नांवाचें गांव आहे. तेथें वर्धा व पैनगंगा यांचा संगम होतो. तेव्हां पुसदेस पडलेला पाऊस आणि बाभुळगांवास पडलेला पाऊस वढ्यास एकमेकांस भेटतात.

वढ्याच्या खालीं, हडस्ती गांवाजवळ, वर्धेस इरई नांवाची एक नदी येऊन मिळते. ही इरईच चांदा शहराच्या कुशीनें वाहत येते. त्याच्या खालीं वर्धेच्या कांठीं बल्लारपूर आहे. आणखी पुढें वर्धा व वैनगंगा एक होतात. त्या एकत्र प्रवाहास प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरींत शिरते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास जाते. ही वाट नीट ध्यानांत ठेवावी. कारण चांद्यावर जें संकट पुनःपुन्हां येतें, त्याचें कारण ह्या वाटेंतच आहे.

२. शहराची जागा

चांदा हें दोन नद्यांच्या बेचक्यांत वसलें आहे. पश्चिमेस इरई आणि पूर्वेस झरपट. शहराच्या दक्षिणेस ह्या दोन्ही एकत्र होतात. जुनें शहर ह्या दोहोंच्या मधल्या जमिनीवर आहे, आणि त्याच्या सभोंवतीं दगडी कोट आहे. कोटाच्या आंत रामाळा नांवाचा तलाव आहे. उत्तरेस व पूर्वेस रान आहे, आणि त्या रानांतच पुढें ताडोबाचें प्रसिद्ध अरण्य लागतें. जमिनीच्या पोटांत कोळसा आहे.

अशा जागेचा लाभ उघड आहे. दोन बाजूंस पाणी असलें म्हणजे शत्रूस चाल करून येणें अवघड जातें. माणसांस व गुरांस पाण्याची तूट पडत नाहीं. आणि नदीकांठची जमीन पीक देते. परंतु जें पाणी शत्रूस अडवितें, तेंच एखादे वर्षीं स्वतः शत्रु होऊन येतें.

३. शहराची स्थापना

ह्या मुलखांत पुष्कळ शतकें गोंड राजांचें राज्य होतें. आरंभीं त्यांची राजधानी शिरपूर येथें होती असें सांगतात. पुढें ती बल्लारपुरास आली. बल्लारपूरचा राजा खांडक्या बल्लाळशाह यानें चांद्याची स्थापना केली. हा राजा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊन गेला असें मानितात.

त्याजविषयीं एक दंतकथा आहे. राजाच्या अंगावर व्रण झाले होते आणि ते कशानेंहि बरे होईनात. एके दिवशीं शिकारीस गेला असतां त्यास तहान लागली. झरपटेचें पात्र कोरडें पडलें होतें. तथापि एका खळग्यांत त्यास थोडें पाणी सांपडलें. त्यानें तें प्याला, हातपाय धुतले, आणि त्या रात्रीं त्यास गाढ झोंप लागली. सकाळीं राणी पाहते तों व्रण नाहींसे होत आले आहेत! पुढें त्याच ठिकाणीं अंचलेश्वराचें देऊळ झालें. आणखी एकदां राजानें असें पाहिलें कीं, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याच्या पाठीस लागला आहे, आणि कुत्रा जीव घेऊन पळत आहे. राणीनें सांगितलें, “ही भूमि धीराची आहे, ज्या वाटेनें ससा धांवला त्याच वाटेनें शहराचा कोट बांधा.” त्याप्रमाणें कोटाची आंखणी झाली.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. सशाच्या मागें कोणी कोट बांधीत नाहीं. तथापि तिच्यांतील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कथा सांगणाऱ्यांनीं शहराचा उगम एखाद्या लढाईंत किंवा खजिन्यांत शोधिला नाहीं. तो कोरड्या नदीच्या ओंजळभर पाण्यांत शोधिला. आणि शहर कोठें वसवावें व कसें रक्षावें हें सांगणारी व्यक्ति राणी होती, हेंहि विसरूं नये.

४. कोट, वेशी आणि खिडक्या

कोटाचें काम एका राजाच्या आयुष्यांत पुरें झालें नाहीं. पुढील राजांनीं तें तडीस नेलें. त्याचा घेर पांच मैलांहून अधिक आहे. त्यास चार वेशी आहेत: उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. ह्यांशिवाय पांच लहान दारें आहेत. त्यांस खिडक्या म्हणतात. त्यांचीं नांवें बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशीं आहेत. वेशींवर हत्तीस नमविणाऱ्या सिंहाची आकृति कोरलेली आहे. ती गोंड राजांची निशाणी होय.

अकबर बादशहाच्या काळच्या आईन-इ-अकबरी ह्या ग्रंथांत चांद्याच्या राजाचा व वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. ह्यावरून हें राज्य रानांत लपलेलें असलें तरी दिल्लीस अपरिचित नव्हतें असें दिसतें. ह्या राजांविषयीं असें सांगतात कीं, जो कोणी रान तोडून तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याखालची जमीन ते बक्षीस देत. पूर्व विदर्भांत आज जे शेंकडों जुने तलाव दिसतात, त्यांत अशा उत्तेजनाचा मोठा वांटा आहे. तलावांत अडलेलें पाणी उन्हाळ्यांत शेतास उपयोगी पडतें, आणि पावसाळ्यांत तें एकदम नदीवर धांवून जात नाहीं. हा दुहेरी लाभ त्या काळच्या लोकांस समजला होता.

अठराव्या शतकाच्या आरंभीं राणी हिराई हिनें राज्याचा कारभार पाहिला. तिचा पति बीरशाह मारला गेला होता. तिनें त्याची समाधि बांधविली, दत्तक पुत्राच्या नांवें राज्य सांभाळिलें, आणि झरपटेजवळ महाकालीचें देऊळ बांधविलें. चैत्र महिन्यांत तेथें मोठी यात्रा भरते. मराठवाड्यांतून व तेलंगणांतून हजारों गोरगरीब लोक येतात.

५. राज्यें बदललीं

सन १७५१ मध्यें नागपूरकर रघूजी भोसले यांनीं चांद्याचें राज्य आपल्या ताब्यांत घेतलें. शेवटचा गोंड राजा नीळकंठशाह यास बल्लारपूरच्या किल्ल्यांत कैदेंत ठेविलें. अशा रीतीनें जें राज्य शतकानुशतकें चाललें होतें तें एका पिढींत संपलें.

पुढें सन १८१८ मध्यें आणखी एक उलथापालथ झाली, आणि तिचा संबंध यवतमाळ जिल्ह्याशींहि आहे. दुसरा बाजीराव पेशवा इंग्रजांपुढून पळत पळत चांद्याच्या रोखें निघाला होता. कारण चांद्याचा कोट भक्कम असा त्याचा लौकिक होता. परंतु वर्धेच्या बाजूस त्याची वाट अडली. तारीख १७ एप्रिल रोजीं पांढरकवड्याच्या बाजूस शिवणी येथें कर्नल अ‍ॅडम्स यानें त्याच्या फौजेचा मोड केला. त्यानंतर अ‍ॅडम्सनें चांद्यास वेढा घातला. तोफांनीं कोटास खिंडार पाडिलें, आणि २० मे रोजीं इंग्रजी फौज आंत शिरली. किल्लेदार गंगासिंग लढतां लढतां पडला.

नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर सन १८५४ मध्यें चांदा हा इंग्रजांच्या राज्यांतील जिल्हा झाला. सन १८५८ मध्यें मोलमपल्लीचा जमीनदार बाबूराव शेडमाके यानें गोंड लोकांस जमवून इंग्रजांविरुद्ध लढा दिला. त्यास पकडून त्याच वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं चांद्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. त्याचें नांव आजहि ह्या भागांतील आदिवासी लोक आदरानें घेतात.

येथें वाचकांनीं एक गोष्ट पाहावी. गोंड गेले, भोसले आले; भोसले गेले, इंग्रज आले; तेहि सन १९४७ मध्यें गेले. तोफांनीं कोटाचा एक भाग पडला आणि पुन्हां बांधला गेला. पण इरई व झरपट आपल्या ठिकाणीं राहिल्या, आणि प्रत्येक राज्यास त्यांच्याशीं व्यवहार करावाच लागला.

६. कोळसा, आगगाडी आणि वीज

इंग्रजी अमलांत चांद्याची ख्याति हिऱ्यांवरून कोळशावर आली. सन १८७० नंतरच्या काळांत वरोऱ्यास सरकारी खाण सुरू झाली, आणि कोळसा वाहण्याकरितां वर्ध्याहून तेथपर्यंत आगगाडीचा रस्ता आला. वरोऱ्याची ती खाण सन १९०६ मध्यें बंद पडली. परंतु तोंवर बल्लारपूरकडे काम सुरू झालें होतें. सन १९२९ मध्यें काझीपेठ ते बल्लारशाह हा मार्ग जोडला गेला, आणि दिल्लीहून मद्रासेस जाणारी आगगाडी ह्या रानांतून धांवूं लागली. ज्या शहराकडे जाण्यास पूर्वीं नद्यांना उतार पडण्याची वाट पाहावी लागे, तें आतां देशाच्या हमरस्त्यावर आलें.

स्वातंत्र्यानंतर खाणी वाढल्या. शहराजवळ दुर्गापूर येथें कोळशावर वीज उत्पन्न करण्याचें प्रचंड केंद्र उभें राहिलें. त्याचा पहिला संच सन १९८३ मध्यें सुरू झाला. आज त्या केंद्राची शक्ति २,९२० मेगावॅट आहे. त्याच्या पाण्यासाठीं इरई नदीवर धरण बांधिलें आहे. सन १९८२ मध्यें जुन्या विस्तीर्ण जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. सन २०११ च्या शिरगणतींत चंद्रपूर शहराची वस्ती ३,२०,३७९ भरली, आणि त्याच वर्षीं तेथें महानगरपालिका झाली.

आपल्या खेड्यांत संध्याकाळीं जो दिवा लागतो, त्याच्या उजेडांत चांद्याच्या कोळशाचा व इरईच्या पाण्याचा अंश आहे, असें म्हटल्यास तें चुकीचें होणार नाहीं. म्हणजे आपलें पाणी तिकडे जातें आणि त्यांचा उजेड इकडे येतो. शेजार म्हणतात तो हाच. मात्र ह्या उजेडाचें मोल चांद्याचे लोक देतात. उघड्या खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर इरईच्या कांठीं उभे राहिले. ती माती पावसानें नदींत उतरते व पात्र उथळ होतें, ही तेथील लोकांची जुनी तक्रार आहे. झरपटेचें पात्र जलपर्णीनें व गटाराच्या पाण्यानें भरून जातें. उन्हाळ्यांत तेथील ऊन देशांतील अतिशय कडक उन्हांपैकीं असतें, आणि त्यांत धुराची भर पडते.

७. पूर कसा येतो

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. चांद्यास पूर कसा येतो? लोक म्हणतात, इरईस पूर आला. परंतु पुष्कळ वेळां इरई एकटी दोषी नसते.

ज्यांनीं शेतास पाट-पाणी दिलें आहे त्यांस हें लवकर समजेल. मोठ्या पाटास एक लहान चारी येऊन मिळते असें समजा. पाट अर्धा रिकामा असला म्हणजे चारींतलें पाणी त्यांत सहज उतरतें. पण पाट कांठोकांठ भरला असेल तर? चारीचें पाणी पाटांत शिरत नाहीं. तें तोंडाशीं थबकतें, मागें सरतें, चारीच्या बांधावरून उलटतें, आणि आजूबाजूच्या वाफ्यांत पसरतें. चारी लहान असो वा मोठी, तिच्यांत नवीन पाणी थोडें येवो वा पुष्कळ, पाट उतरल्याशिवाय ती उतरत नाहीं.

वर्धा हा तो पाट आहे आणि इरई ही ती चारी. वरच्या भागांत, म्हणजे अमरावती, वर्धा व यवतमाळ जिल्ह्यांत मुसळधार पाऊस झाला, ऊर्ध्व वर्धेचे व बेंबळेचे दरवाजे उघडावे लागले, आणि त्याच वेळीं पैनगंगाहि फुगून आली, म्हणजे वढ्याच्या खालीं वर्धा तुडुंब होते. मग इरईचें पाणी तोंडाशीं अडतें आणि मागें शहराकडे सरकतें. कधीं कधीं चांद्यावर आभाळ उघडलेलें असतें, ऊन पडलेलें असतें, आणि तरीहि पाणी गल्ल्यांतून वर चढत असतें. ज्यास पाटाचें मर्म ठाऊक नाहीं तो म्हणतो, “पाऊस तर थांबला, आतां भय नाहीं.” त्या बोलण्यावर विसंबून तो घरांत राहतो, आणि रात्रीं त्याच्या खाटेखालीं पाणी येतें.

सन २००६, २०१३ आणि २०२२ ह्या वर्षीं चंद्रपूरच्या लोकांनीं असे पूर पाहिले. सन २०२२ च्या जुलै महिन्यांत वर्धा, पैनगंगा व त्यांच्या उपनद्या एकाच वेळीं चढल्या. नदीकडील रहमतनगरासारख्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें, आणि लोकांस घरें सोडून निघावें लागलें. पठाणपुरा वेशीबाहेरचा रस्ता पाण्याखालीं गेला.

येथें जुन्या कोटाकडे पुन्हां पाहा. कोट शत्रूसाठीं बांधिला होता. पण पुराच्या दिवसांत तो बांधाचेंहि काम करितो. पाणी भिंतीशीं येऊन थांबतें, आणि आंतल्या जुन्या शहराचा पुष्कळ भाग कोरडा राहतो. सन २०१७ पासून शहरांतील इको-प्रो नांवाच्या मंडळींतील तरुणांनीं ह्या कोटावरचीं झाडेंझुडपें तोडून व कचरा उचलून तो साफ करण्याचें काम हातीं घेतलें, हें स्तुत्य आहे. वडिलांनीं बांधिलेली भिंत राखणें हेंहि शहाणपणच होय.

परंतु कोटाच्या आंत सर्वांस जागा नाहीं. शहर वाढलें तसे लोक बाहेर राहूं लागले, आणि बाहेरची जमीन सारखी नाहीं. उंच जमीन महाग असते. सखल जमीन स्वस्त असते. खाणींत व कारखान्यांत मजुरीस आलेला मनुष्य, जेथें परवडेल तेथें चार पत्रे उभे करितो. नदी दहा वर्षें तिकडे फिरकत नाहीं. मुलें तेथेंच मोठीं होतात, पत्र्यांच्या जागीं विटा येतात. अकराव्या वर्षीं नदी आपली जागा मागावयास येते. पूर गरीब-श्रीमंत पाहत नाहीं असें लोक बोलतात; परंतु जमिनीची किंमत तें पाहते, आणि म्हणून पाणी प्रथम गरिबाच्याच घरीं जातें.

आमच्या वाचकांस हें दूरचें वाटूं नये. पुष्कळ खेड्यांत आपल्या लोकांची वस्ती कोठें आहे? गांवाच्या शेवटीं, नाल्याच्या अंगास, जेथें कोणास घर नको होतें तेथें. ती जागा आपल्या आज्यापणज्यांनीं निवडिली नव्हती. ती त्यांस दाखविली गेली होती. तेव्हां नदीचा पाठ हा आपल्यासाठीं केवळ परीक्षेचा विषय नाहीं.

८. दूरदेशींचें एक शहर

चांद्यासारखींच शहरें इतर देशांतहि आहेत. जर्मन देशांत पासाऊ नांवाचें एक जुनें शहर आहे. त्याची वस्ती सुमारें पन्नास हजार, म्हणजे चांद्याहून पुष्कळच लहान. तेथें एक नव्हे, तीन नद्या एकत्र होतात: डान्यूब, इन् आणि इल्झ. इन् नदी आल्प्स पर्वताच्या बर्फाचें पाणी आणते आणि हिरवट दिसते. इल्झ रानांतून येते आणि काळसर दिसते. तिघींचे रंग कांहीं अंतरापर्यंत पाण्यांत वेगवेगळे ओळखूं येतात. पूर्वीं मिठाच्या नावांच्या व्यापारावर हें शहर श्रीमंत झालें.

परंतु मोठ्या नद्या चढल्या म्हणजे लहान इल्झचें पाणी मागें सरतें, आणि शहराच्या खालच्या गल्ल्या बुडतात; अगदीं चांद्याप्रमाणेंच. सन २०१३ च्या जून महिन्यांत तेथें डान्यूबचें पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलें. सन १५०१ नंतर पांचशें वर्षांत इतका पूर आला नव्हता.

पांचशें वर्षांपूर्वींची गोष्ट त्यांस कशी ठाऊक? त्या शहराच्या नगरगृहाच्या भिंतीवर मोठमोठ्या पुरांच्या खुणा केलेल्या आहेत. ज्या उंचीपर्यंत पाणी आलें, तेथें रेघ आणि शेजारीं सन लिहिला आहे. बाजारास जाणारा प्रत्येक मनुष्य ती भिंत पाहतो. बापाचें बोट धरून चाललेलें पोर मान वर करून विचारतें कीं, पाणी इतकें वर आलें होतें काय? त्यास उत्तर मिळतें, आणि पुढच्या पिढीपर्यंत तें टिकतें. आमच्याकडे म्हातारी माणसें सांगतात कीं, “फार मोठा पूर आला होता, ह्या झाडापर्यंत पाणी होतें.” म्हातारा जातो, झाड तुटतें, आणि त्या जागीं कोणी तरी घर बांधितो.

९. आपण काय करावें

शहाणपण शहरांतच राहतें असें नाहीं. प्रत्येक गांवांत पुढील गोष्टी करितां येतील, आणि त्यांस पैसा लागत नाहीं.

पहिली गोष्ट, गांवांतील सर्वांत वृद्ध स्त्रीपुरुषांस विचारून, नदीचें किंवा नाल्याचें पाणी आजवर जास्तींत जास्त कोठपर्यंत आलें होतें तें ठरवावें. स्त्रियांस अवश्य विचारावें. पाण्यावर रोज जाणारीच्या ध्यानांत पुष्कळ राहतें. मग शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या संमतीनें, रंगानें रेघ ओढून सन लिहावा. कोणीं नवें घर बांधावयास काढिलें तर त्यास ती रेघ दाखवावी.

दुसरी गोष्ट, आपल्या गांवच्या वर कोणतें धरण किंवा तलाव आहे, आणि त्याचें पाणी सोडतांना सूचना कोणाकडे येते, हें तलाठ्याकडून समजून घ्यावें. सूचना आली म्हणजे ती गांवाच्या शेवटल्या घरापर्यंत पोंचवावी. बहुधा ती चावडीपाशींच थांबते, आणि पाणी मात्र थांबत नाहीं.

तिसरी गोष्ट, पाऊस उघडला म्हणून निर्धास्त होऊं नये. मोठी नदी उतरली कीं नाहीं, हें विचारावें. चारीकडे पाहूं नये, पाटाकडे पाहावें.

चौथी गोष्ट खालच्यांविषयीं. आपण नाल्यांत टाकलेला कचरा, बांध न घातल्यामुळें वाहून गेलेली माती, हीं सर्व त्याच वाटेनें वढ्याकडे जातात. शेतास बांध घालणें, ओघळीस दगडांचा आडवा बांध घालणें, गांवतळ्यांतील गाळ काढणें, ह्यांत आपला लाभ आहेच. परंतु ज्या मनुष्याचें तोंड आपण कधीं पाहिलें नाहीं, आणि जो चांद्याच्या सखल गल्लींत रात्रीं पाण्याकडे पाहत जागा बसला आहे, त्याचाहि त्यांत लाभ आहे. वरच्यानें अडविलेलें प्रत्येक पाऊल पाणी खालच्याच्या उंबऱ्यापासून तेवढें दूर राहतें.

वर्गासाठीं प्रश्न

१. बेंबळेच्या पाण्याची समुद्रापर्यंतची वाट सांगा व आकृति काढा.

२. यवतमाळ जिल्ह्यांतील उत्तरेकडचें व दक्षिणेकडचें पाणी कोणत्या गांवाजवळ एक होतें?

३. चांद्याच्या चार वेशींचीं व पांच खिडक्यांचीं नांवें सांगा.

४. चांद्याचें राज्य सन १७५१ मध्यें व शहर सन १८१८ मध्यें कोणाच्या हातीं गेलें?

५. पाऊस थांबल्यावरहि चांद्यांत पाणी कां चढतें? चारी व पाट यांचा दाखला देऊन समजावून सांगा.

६. तुमच्या गांवांत सर्वांत मोठा पूर कोणत्या सालीं आला, आणि पाणी कोठपर्यंत पोंचलें? ह्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत नाहीं. तें वडील माणसांकडून आणावयाचें आहे. पुढल्या पावसाळ्यापूर्वीं आणावें.